चित्रलिपी : शब्दाचा अर्थ आणि वापर

'चित्रलिपी' हा शब्द मराठी वाचकाला शालेय इतिहासाच्या पुस्तकापासून परिचित आहे. तो ऐकताच इजिप्तमधील मंदिरांच्या भिंती, त्यांवर कोरलेले घुबड, सिंह, डोळे, पाण्याच्या लाटा आणि एका बाजूला तोंड करून बसलेली माणसे नजरेसमोर येतात. पुढे वृत्तपत्रांतून हाच शब्द सिंधू संस्कृतीच्या मुद्रांसाठी, चिनी लेखनासाठी, कोकणातील कातळशिल्पांसाठी आणि अलीकडे मोबाइलवरील एमोजींसाठीही वापरलेला दिसतो. इतक्या भिन्न गोष्टींना एकच नाव पडले की त्यांचे स्वरूपही एकच असावे, असा समज नकळत दृढ होतो.

वस्तुतः यांपैकी काही ठिकाणी हा शब्द योग्य आहे, काही ठिकाणी तो सैलपणे वापरला जातो, तर काही ठिकाणी तो दिशाभूल करतो. ही दिशाभूल केवळ पंडितांच्या चर्चेचा विषय नाही. चित्रांनी लिहिलेला मजकूर चित्रे पाहूनच समजतो, या एका गैरसमजामुळे इजिप्तचे लेखन सुमारे चौदाशे वर्षे कोणालाही वाचता आले नाही. तोच गैरसमज आज आपल्याकडे सिंधू लिपीच्या चर्चेत वारंवार डोकावतो.

शब्दाची घडण

'चित्र' आणि 'लिपी' या दोन संस्कृत शब्दांचा हा समास असून तो स्त्रीलिंगी आहे. अनेकवचन 'चित्रलिप्या' असे होते. संस्कृत व हिंदीत शेवटचा इकार ऱ्हस्व, म्हणजे 'चित्रलिपि' असा लिहितात. मराठीत प्रचलित शुद्धलेखन नियमांनुसार तो दीर्घ लिहिला जातो. मात्र 'लिपी' हा शब्द समासात प्रथम आला की त्याचा इकार ऱ्हस्वच राहतो. म्हणून 'चित्रलिपी' परंतु 'लिपिशास्त्र', 'लिपिकार' व 'लिपिवाचन' असे लिहावे लागते.

'लिपी' हा शब्द भारतात फार जुना आहे. पाणिनीच्या सूत्रांत लेखन करणाऱ्यासाठी 'लिपिकर' हा शब्द साधला आहे. सम्राट अशोकाने आपल्या आज्ञालेखांना 'धंमलिपि' म्हटले. वायव्येकडील, आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढी येथील लेखांत मात्र त्याऐवजी 'दिपि' असे रूप आढळते आणि ते प्राचीन इराणी भाषेतील लेखनवाचक शब्दाशी जुळते. संस्कृत वैयाकरणांनी 'लिपी'चे नाते 'लिप्' म्हणजे लिंपणे या धातूशी जोडले. शाई किंवा रंग लावून लिहिण्याची कल्पना त्यामागे आहे.

आजच्या अर्थाने 'चित्रलिपी' हा शब्द युरोपीय संज्ञांचा प्रतिशब्द म्हणून रूढ झाला, आणि खरी अडचण येथेच सुरू होते. मराठीत या एका शब्दाने दोन वेगळ्या संज्ञांचे काम केले. पहिली संज्ञा 'हायरोग्लिफ'. ग्रीक भाषेत 'हिएरोस' म्हणजे पवित्र आणि 'ग्लिफेइन' म्हणजे कोरणे. मंदिरांच्या दगडांवर कोरलेली पवित्र अक्षरे, एवढाच तिचा अर्थ असून तिच्यात 'चित्र' कोठेही नाही. दुसरी संज्ञा 'पिक्टोग्राफ', म्हणजे जे चित्र स्वतःच अर्थ सांगते ते. पहिली संज्ञा इजिप्तच्या विशिष्ट लेखनपद्धतीचे नाव आहे, तर दुसरी खुणेच्या एका प्रकाराचे वर्णन आहे. मराठीत दोहोंनाही 'चित्रलिपी' म्हटल्यामुळे दुसरीचा अर्थ पहिलीवर आपोआप लादला गेला.

स्वतः प्राचीन इजिप्शियन लोक आपल्या लेखनाला 'मेदू नेचेर' म्हणजे 'देवाचे शब्द' म्हणत. आपल्या 'देवनागरी'तही देव आहेच, परंतु तेथे तो गावाच्या सोबतीने आला आहे. इजिप्शियनांनी आपल्या लेखनाला 'देवांची चित्रे' असे न म्हणता 'शब्द' म्हटले, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चित्र आणि लेखन

रेल्वे स्थानकावर नळाचे आणि पेल्याचे चित्र असलेली पाटी आपण सर्वांनी पाहिली आहे. ती पाहून मराठी प्रवासी 'पाणी' म्हणतो, कोलकात्याचा प्रवासी 'जल' म्हणतो आणि चेन्नईचा 'तण्णीर' म्हणतो. तिघांनाही अर्थ समजला, पण तिघांनी शब्द मात्र वेगवेगळे उच्चारले. याचाच अर्थ असा की त्या पाटीवर कोणत्याही भाषेतील शब्द लिहिलेला नव्हता. अशा खुणेला 'चित्रखूण' किंवा 'चित्रसंकेत' म्हणणे अधिक योग्य ठरेल. लेखनाची कसोटी निराळी आहे. एकच मजकूर दोन जाणकारांनी वाचला तर दोघांच्याही तोंडून त्याच भाषेतील तेच शब्द, त्याच क्रमाने निघाले पाहिजेत.

या कसोटीवर मध्य प्रदेशातील भीमबेटकाच्या शैलाश्रयांतील चित्रे लेखन ठरत नाहीत. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्याच्या सड्यांवर खोदलेली कातळशिल्पेही ठरत नाहीत. कशेळीचा भव्य हत्ती, उक्षीचा हत्ती, बारसू आणि देवीहसोळच्या आकृती यांचे महत्त्व वादातीत आहे. या कोकणपट्ट्यातील स्थळांचा, गोव्यातील फणसायमाळसह, जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत २०२२ मध्ये समावेश झाला. परंतु त्यांना 'चित्रलिपी' म्हटल्याने त्यांचा गौरव वाढत नाही, उलट त्यांत एखादा गुप्त मजकूर दडला असल्याचा आभास निर्माण होतो. 'कातळशिल्प' किंवा 'खोदचित्र' हे शब्द उपलब्ध असताना त्यांचाच वापर करणे उचित होय.

एमोजींची कथा थोडी गमतीची आहे. जपानी भाषेत 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. तेव्हा एमोजी या शब्दाचा शब्दशः अर्थ 'चित्राक्षर' असाच होतो. प्रत्यक्षात मात्र हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह स्थानकावरील नळाच्या जातीचे आहे. ते मजकुराला सूर देते, पण स्वतः शब्द लिहीत नाही.

नागपूरचे चित्र

चित्रांपासून लेखन कसे घडते, हे एका मराठी उदाहरणावरून चटकन समजेल. मराठीला लिपीच नाही आणि आपल्याला 'नागपूर' हे नाव लिहायचे आहे, अशी कल्पना करू. शहराचे चित्र काढून उपयोग नाही, कारण ते कोणत्याही शहराचे वाटेल. परंतु एक नाग काढला आणि त्याच्या शेजारी पाण्याचा लोंढा, म्हणजे पूर काढला, तर मराठी जाणणारा माणूस दोन्ही चित्रांची नावे उच्चारेल आणि त्याला 'नागपूर' ऐकू येईल. येथे सापाचा किंवा महापुराचा काहीही संबंध उरलेला नाही. चित्रातील वस्तू बाजूला पडली आणि तिच्या नावाचा ध्वनी तेवढा कामी आला. त्याच रीतीने मानेचे चित्र काढून सन्मान या अर्थाचा 'मान' लिहिता येईल, आणि पाठीचे चित्र काढून शाळेतला 'पाठ'.

आता हेच चित्र मराठी न येणाऱ्या परदेशी पंडिताच्या हाती पडले तर? तो त्यातून 'साप पुरात वाहून गेला' असा अर्थ काढील. अधिक विद्वान असेल तर साप म्हणजे पाप, पाणी म्हणजे पावित्र्य, असे तत्त्वज्ञानही सांगेल. त्याच्या विवेचनात विसंगती सापडणार नाही, पण नागपूर मात्र त्याला कधीच सापडणार नाही.

चित्रावरून नावाचा ध्वनी घेण्याच्या या युक्तीला 'ध्वनिसंकेत' म्हणता येईल. जगातील जवळजवळ प्रत्येक प्राचीन लेखनपद्धतीने ती स्वतंत्रपणे किंवा अनुकरणाने वापरली. इराकमधील सुमेरी लोकांच्या भाषेत 'ती' म्हणजे बाण आणि 'ती' म्हणजेच जीवन. जीवनाचे चित्र काढता येत नाही, म्हणून त्यांनी बाणाच्या चिन्हाने तो शब्द लिहिला. पुढे मातीच्या ओल्या पाटीवर बोरूने दाबून लिहिण्याच्या पद्धतीमुळे या चिन्हांना पाचरीसारखा आकार आला. आज त्या लेखनाला आपण 'कीलाकार लिपी' म्हणतो, आणि चित्रांतून जन्मलेली असूनही तिला कोणी चित्रलिपी म्हणत नाही.

इजिप्तचे लेखन कसे चालते

इजिप्शियन लेखनात अभिजात काळात सुमारे सातशे चिन्हे नित्य वापरात होती. त्यांपैकी चोवीस चिन्हे एकेका व्यंजनाची होती. उदाहरणार्थ, घुबड 'म'साठी, पाण्याची लाट 'न'साठी, तोंड 'र'साठी. काही चिन्हे दोन किंवा तीन व्यंजनांचा समूह दाखवीत. स्वर लिहीत नसत. 'पर' एवढेच लिहिले आणि संदर्भावरून पार, पूर की पोर हे वाचकाने ओळखायचे, असा तो प्रकार होता.

हा गोंधळ टाळण्यासाठी शब्दाच्या शेवटी एक मूक चिन्ह जोडले जाई. त्याचा उच्चार होत नसे, ते केवळ शब्द कोणत्या वर्गातला हे सांगे. चालणारे पाय असतील तर शब्द गतीचा, बसलेला पुरुष असेल तर माणसाचा. गावाच्या नावापुढे वर्तुळात फुली असलेले, म्हणजे चव्हाट्यावर मिळणाऱ्या रस्त्यांचे चिन्ह येई. आपल्या नाग आणि पूर या चित्रांपुढे ते वर्तुळ असते, तर त्या परदेशी पंडितालाही हे एखाद्या गावाचे नाव आहे एवढे तरी कळले असते.

अशा रीतीने एकाच शब्दात ध्वनीचे चिन्ह, अर्थाचे चिन्ह आणि वर्गाचे मूक चिन्ह एकत्र नांदत. मजकूर उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे किंवा वरून खाली लिहिता येई. पशुपक्ष्यांची तोंडे ज्या बाजूला, ती ओळीची सुरुवात. कोलकाता, जयपूर, हैदराबाद आणि वडोदरा येथील संग्रहालयांत इजिप्तच्या ममी जतन केलेल्या आहेत. अशा ठिकाणी शवपेटीचे किंवा शिलालेखाचे छायाचित्र लावलेले असेल, तर वाचकांनी ही खूण अवश्य पडताळून पाहावी.

रोजच्या हिशेबासाठी व पत्रव्यवहारासाठी या चिन्हांची झरझर लिहिण्याजोगी रूपे होती. त्यांना 'हायरेटिक' आणि नंतरच्या काळात 'डेमोटिक' म्हणतात. त्यांत चित्रे ओळखूही येत नाहीत. आपल्याकडे मोडी आणि बाळबोध यांत जसा व्यवहाराचा फरक होता, काहीसा तसाच हा प्रकार होय. मोडीतला कागद आणि बाळबोधीतला ग्रंथ यांची भाषा मराठीच, त्याप्रमाणे या तिन्ही लेखनांची भाषा इजिप्शियनच. म्हणून 'चित्रलिपी भाषा' असा जो प्रयोग कधीकधी वाचायला मिळतो तो चुकीचा आहे. त्याचप्रमाणे 'भिंतीवर तीन चित्रलिपी कोरल्या आहेत' असे न लिहिता 'तीन चित्राक्षरे' किंवा 'तीन चिन्हे' असे लिहावे. लिपी संपूर्ण पद्धतीची असते, एका चिन्हाची नव्हे.

बदक आणि राजपुत्र

इजिप्तमधील ज्ञात असलेला, तारीख घातलेला शेवटचा चित्राक्षरी लेख इ. स. ३९४ च्या २४ ऑगस्टचा आहे. तो फिली बेटावरील मंदिरात कोरलेला आहे. त्यानंतर लिहिणारे राहिले नाहीत आणि वाचणारेही संपले. मात्र लेखनाविषयीच्या आख्यायिका शिल्लक राहिल्या. पाचव्या शतकात होरापोलो या नावाने रचलेल्या एका ग्रंथात या चिन्हांचे 'अर्थ' दिले आहेत. त्याचे हस्तलिखित १४१९ मध्ये ग्रीसमधील आंद्रोस बेटावर मिळाले आणि युरोपातील विद्वानांनी ते डोक्यावर घेतले.

त्या ग्रंथात म्हटले आहे की, इजिप्शियन लोक 'पुत्र' लिहिण्यासाठी बदकासारख्या पक्ष्याचे चित्र काढतात, कारण हा पक्षी आपल्या पिलांवर फार माया करतो. सशाचे चित्र 'उघडा' या अर्थी, कारण ससा डोळे मिटत नाही. आश्चर्य असे की दोन्ही अर्थ बरोबर आहेत, फक्त कारणे साफ चुकीची आहेत. बदकाच्या नावातील व्यंजने आणि पुत्रवाचक शब्दातील व्यंजने सारखी होती, तेवढ्यासाठी बदक वापरले जाई. राजाच्या नावाआधी बदक आणि सूर्यबिंब कोरलेले असते, त्याचे वाचन 'सा रा', म्हणजे 'सूर्यदेवाचा पुत्र' ही पदवी. नाग आणि पूर यांची युक्तीच ती. परंतु पंडितांनी चित्राच्या ठिकाणी बोधकथा पाहिली आणि बोधकथेची चटक एकदा लागली की ती सुटत नाही.

सतराव्या शतकात रोममध्ये राहिलेला अथानासिउस किर्चर हा त्या काळातील मोठा बहुश्रुत धर्मगुरू होता. इजिप्तमधील ख्रिस्ती समाजाची कॉप्टिक भाषा ही प्राचीन इजिप्शियन भाषेचीच वंशज आहे, हे त्याने ओळखले. ही फार मोलाची कामगिरी होती. परंतु शिलास्तंभांवरील चिन्हे वाचायला बसल्यावर तोच माणूस एका राजाच्या साध्या नावातून देवदेवतांच्या कृपेविषयीचे लांबलचक वाक्य काढीत असे. चिन्हे म्हणजे गूढ कल्पनांची चित्रे, हा ग्रह त्याच्या विद्वत्तेपेक्षा प्रबळ ठरला.

१७९९ च्या जुलै महिन्यात नेपोलियनच्या सैन्याला नाईलच्या मुखाजवळील रशीद येथे एक शिला सापडली. तिलाच रोझेटा शिला म्हणतात. १८०२ पासून ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इ. स. पूर्व १९६ मधील पाचव्या टॉलेमी राजाच्या गौरवाचा एकच जाहीरनामा तिच्यावर चित्राक्षरे, डेमोटिक आणि ग्रीक अशा तीन लेखनांत आहे. इंग्लंडमधील थॉमस यंग यांनी तिच्यावरील लांबट चौकटीत 'टॉलेमी' हे नाव ओळखले. परंतु ध्वनिचिन्हे केवळ परकीय नावांपुरतीच असावीत, असे ते मानत होते.

फ्रान्सचे झाँ-फ्रांस्वा शांपोलिआँ यांनी एक साधी मोजणी केली. शिलेवरील ग्रीक मजकुरात ४८६ शब्द होते, तर त्याच्याशी जुळणाऱ्या, फुटक्या चित्राक्षरी भागात १,४१९ चिन्हे. एका चिन्हाला एक शब्द हे गणित बसणे शक्यच नव्हते. दुसऱ्या एका शिलास्तंभावर 'क्लिओपात्रा' हे नाव मिळाले. तीही परकीय घराण्यातील होती. मग १८२२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्यासमोर ग्रीकांच्या फार पूर्वीच्या मंदिरांतील लेखांच्या प्रती आल्या. एका चौकटीत प्रथम सूर्यबिंब होते आणि शेवटी 'स'चे चिन्ह दोनदा. कॉप्टिक भाषेत सूर्याला 'रे' म्हणतात हे त्यांना ठाऊक होते. मधल्या चिन्हाचा उच्चार जुळवताच इजिप्तचा प्रसिद्ध राजा 'रामसेस' याचे नाव उमटले. अस्सल इजिप्शियन राजा, आणि त्याच्या नावात सूर्य अर्थाने व बाकीची चिन्हे ध्वनीने आलेली. २७ सप्टेंबर १८२२ रोजी त्यांनी आपला शोध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे मांडला.

हे वाचन खरे कशावरून? १८६६ मध्ये जर्मन अभ्यासक लेप्सिउस यांना तानिस येथे आणखी एक द्विभाषिक शिला मिळाली. शांपोलिआँ यांना जाऊन तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. त्यांच्या पद्धतीने चित्राक्षरी मजकूर वाचला आणि तो ग्रीक मजकुराशी जुळला. पूर्वी न पाहिलेल्या मजकुरावर चालते ते वाचन, ही कसोटी तेव्हापासून सर्वमान्य आहे.

चीन आणि मध्य अमेरिका

'चिनी चित्रलिपी' हा शब्दप्रयोग मराठीत सर्रास आढळतो. त्यातील काही अक्षरे खरोखर चित्रांतून आली आहेत. सूर्य, चंद्र, पर्वत आणि घोडा ही त्यांची उदाहरणे होत. परंतु इ. स. १०० च्या सुमारास शू शेन याने ९,३५३ अक्षरांचा कोश रचला, त्यातही अशी अक्षरे मोजकीच आहेत. बहुतेक अक्षरांचा एक भाग अर्थाचा आणि दुसरा उच्चाराचा असतो. चिनी भाषेत घोड्याला 'मा' म्हणतात आणि आईलाही, सुरातील फरकासह, 'मा' म्हणतात. म्हणून आई हे अक्षर लिहिताना स्त्रीचे चिन्ह आणि शेजारी घोड्याचे चिन्ह येते. ज्याला चित्रेच पाहायची आहेत त्याला तेथे घोड्याजवळ उभी असलेली बाई दिसेल. चिनी लेखनासाठी 'शब्दलिपी' किंवा नुसते 'चिनी लिपी' म्हणणे अधिक बरे.

मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या लेखनाबाबत तर इजिप्तचीच कथा विसाव्या शतकात पुन्हा घडली. ही चिन्हे ध्वनी दाखवीत नाहीत, असे त्या क्षेत्रातील अग्रगण्य विद्वान एरिक थॉम्प्सन ठामपणे सांगत होते. १९५२ मध्ये सोव्हिएत संशोधक युरी क्नोरोझोव यांनी त्यांत अक्षरांचे उच्चार असल्याचे दाखविले आणि त्यांना मान्यता मिळण्यास बराच काळ लागला. माया लेखक 'बालाम', म्हणजे जॅग्वार, हा शब्द त्या प्राण्याचे डोके काढूनही लिहीत आणि 'बा', 'ला', 'मा' अशी तीन चिन्हे जोडूनही लिहीत.

सिंधू लिपीचा प्रश्न

आपल्या देशाच्या दृष्टीने या शब्दाचा सर्वांत नाजूक वापर सिंधू संस्कृतीच्या संदर्भात होतो. हडप्पा, मोहेंजोदडो, लोथल, धोलावीरा आदी ठिकाणी मिळालेल्या मुद्रांवर मासा, भांडे, माणूस, रेघा अशी चिन्हे आहेत. महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरेकाठच्या दायमाबाद येथेही उत्तर हडप्पा काळातील थरांत अशी चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या सूचिग्रंथात इरावतम महादेवन यांनी ४१७ वेगवेगळी चिन्हे नोंदविली. मजकूर अत्यंत त्रोटक असून सरासरी पाचच चिन्हांचा आहे. लेखन बहुधा उजवीकडून डावीकडे जाते. धोलावीरा येथे उत्तरेकडील दरवाजाजवळ दहा मोठ्या चिन्हांची पाटी सापडली, ती याच कारणाने प्रसिद्ध आहे.

या लेखनाला 'सिंधू चित्रलिपी' म्हटले की वाचक चिन्हांत चित्रे पाहू लागतो. मासा म्हणजे कोळी, भांडे म्हणजे यज्ञपात्र, असे अर्थ सुचतात आणि दर काही महिन्यांनी 'सिंधू लिपी उलगडली' अशी बातमी प्रसिद्ध होते. किर्चरच्या मार्गाने जाणाऱ्यांची संख्या आजही कमी नाही.

ध्वनिसंकेताच्या मार्गाने विचार करणाऱ्यांत मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील इतिहासाचे प्राध्यापक फादर हेन्री हेरास यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी सिंधू लोकांची भाषा द्रविड कुळातील मानली. तमिळमध्ये 'मीन्' म्हणजे मासा, तसाच ताराही. तेव्हा माशाचे चिन्ह ताऱ्यासाठी असावे, असा त्यांचा तर्क होता. फिनलंडचे आस्को पार्पोला यांनी तो पुढे नेला. सहा रेघा आणि मासा म्हणजे 'अरुमीन्', सहा ताऱ्यांच्या कृत्तिका. सात रेघा आणि मासा म्हणजे 'एळुमीन्', आपले सप्तर्षी. हा तर्क आकर्षक आहे, आणि मीन राशीतला 'मीन' हा संस्कृतात द्रविड भाषांतूनच आला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. परंतु एका चिन्हापुढे हे वाचन निर्विवादपणे सरकलेले नाही. पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी १९८२ मध्ये याच चिन्हांतून संस्कृतशी जवळीक असलेली भाषा वाचली. दोन्ही वाचने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

२००४ मध्ये स्टीव्ह फार्मर, रिचर्ड स्प्रोट आणि मायकेल विट्झेल यांनी निराळाच पवित्रा घेतला. ही लिपीच नव्हे, ती कुळांची किंवा देवतांची भाषानिरपेक्ष चिन्हे असावीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे स्थानकावरच्या नळासारखी. त्याला उत्तर म्हणून राजेश राव, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील निशा यादव व मयंक वाहिया, इरावतम महादेवन आदींनी २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात संगणकीय अभ्यास प्रसिद्ध केला. चिन्हांच्या क्रमातील बंधन आणि मोकळीक यांचे प्रमाण भाषांतील प्रमाणाशी जुळते, असे त्यात दाखविले आहे. टीकाकारांनी त्यावरही आक्षेप घेतले. प्रस्तुत लेखकाच्या मते, हा वाद मिटेपर्यंत 'सिंधू लिपी' किंवा 'सिंधू चिन्हे' एवढेच म्हणणे प्रामाणिकपणाचे आहे. 'चित्रलिपी' हे नाव न सुटलेल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकते.

५ जानेवारी २०२५ रोजी तमिळनाडूचे तत्कालीन मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी चेन्नई येथे सिंधू लिपीचे वाचन करणाऱ्यास दहा लाख अमेरिकी डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. सिंधू संस्कृतीच्या शोधाची जगाला वार्ता मिळाल्यास शंभर वर्षे झाली, त्या निमित्ताने भरलेल्या परिषदेत ही घोषणा झाली.

या लिपीची रोझेटा शिला मिळालीच तर ती इराककडे मिळण्याची शक्यता तज्ज्ञांना वाटते. मेसोपोटेमियातील लेखांत 'मेलुह्हा' नावाच्या सागरापलीकडील देशाचा उल्लेख येतो आणि बहुसंख्य विद्वान तो सिंधू प्रदेशच मानतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अक्कड साम्राज्याच्या काळातील एक छोटी दंडगोल मुद्रा आहे. तिच्यावर कीलाकार लिपीत तिच्या मालकाचे नाव आणि व्यवसाय कोरला आहे : शू-इलीशू, मेलुह्हा भाषेचा दुभाषी.